शुगर हाय पण गोड सुटंना? कोल्हापुरात काय खावं, काय विचारून घ्यावं

आपल्याकडं कुणाला शुगर निघाली की घरात पहिला बदल काय होतो, तर साखरेचा डबा फडताळात वर जातो आणि गुळाची ढेप खाली येते. मग चहा गुळाचा, शिरा गुळाचा, लाडू गुळाचे, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा) रिपोर्ट आला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात, साखर तर बंदच केलीय की मग वाढली कशी. म्हणून गुळाचं आधी बोलून टाकूया, नाहीतर पुढचं सगळं वाया.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, मार्केट यार्डातले गुळाचे सौदे, गुऱ्हाळावर पत्रावळीत मिळणारी गरम काकवी, सगळं मान्य, अभिमान आहेच. पण १०० ग्रॅम गुळात ८० ग्रॅमच्या वर निव्वळ साखरच असते आणि रक्तात गेल्यावर ती उसाच्या साखरेसारखीच वागते कारण ती उसाचीच साखर आहे. सेंद्रिय घ्या, बिनकेमिकलचा घ्या, काळा घ्या, त्यानं केमिकलचा प्रश्न सुटंल, शुगरचा नाही. "पण गुळात लोह असतंय" असं एक काकी हमखास म्हणणार. असतंय, पण चमचाभर गुळातून मिळतं ते अगदी नावाला, आणि लोहासाठी वाटीभर गूळ खायचा म्हटलं तर शुगरवाल्याचं काय होईल ते सांगायला नको. मध आणि काकवीचं पण तेच. गूळ आवडतो म्हणून साखरेऐवजी घाला, काही हरकत नाही, पण चमचे तेवढेच मोजा.

आता हिशोब कसा करायचा ते बघू. गोड म्हटलं की आपण फक्त वरून घातलेली साखर बघतो, पण शुगर वाढवतात ती सगळी कार्बोहायड्रेटं, म्हणजे साखर, गूळ, दुधातली साखर, तांदूळ, मैदा, रवा, खजूर, सगळं एकत्र. दुधातच १०० मिलीला ५ ग्रॅमच्या आसपास स्वतःची साखर असते, लॅक्टोज. एक लिटर दूध आटवून निम्मं केलं की ती साखर कुठं उडून जात नाही, पाणी जातं, साखर तिथंच राहते. म्हणजे बिनसाखरेच्या बासुंदीच्या १०० मिलीच्या छोट्या वाटीत पण १० ग्रॅम साखर आहेच, आणि लिटरला १०० ग्रॅम साखर घातली तर तीच वाटी २८-३० ग्रॅमवर जाते. त्यामुळं नरसोबाच्या वाडीला गेलं की दत्ताचं दर्शन घेऊन बासुंदी खायचीच असेल तर एका कपात तिघंचौघं चमचे घालून बसा, एकट्यानं कप संपवायच्या भानगडीत पडू नका. कवठाची बर्फी पण तशीच, एक वडी घेऊन अर्धी अर्धी. पाव किलोचा बॉक्स "घरच्यांसाठी" म्हणून घेतला की तो एसटीतच उघडतो हे मी कितीतरी जणांचं बघितलंय.

आणि गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस पिळून समोर मिळतं ते दूध? गोडी वरून घातलेली नसते त्यामुळं साखरेच्या बाबतीत ते बासुंदीपेक्षा कितीतरी बरं, २५० मिलीच्या ग्लासात साधारण १२ ग्रॅम. फॅट मात्र भरपूर, आणि कच्चं दूध आहे, त्यामुळं शुगरवाल्यांनी आणि वय झालेल्यांनी ते बाटलीत भरून घरी आणून उकळून प्यावं, पैलवानकीचा जोर दाखवायला जाऊ नये.

खरी गंमत चहात आहे. मिठाईवरून घरात भांडणं होतात पण चहाकडं कुणी बघतच नाही. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून, तीही रोज. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच माणसांना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम, म्हणजे जेमतेम पाच चमचे. चहाची साखर हळूहळू कमी करा, दोनाचा दीड, दीडाचा एक, जीभ पंधरावड्यात ऐकते. मग सणाला एक पेढा खाल्ला तर डॉक्टर पण फार ओरडणार नाहीत. चहात रोज उधळायची आणि पेढ्याला नाही म्हणायचं हा कुठला न्याय.

दुकानात गेल्यावर

आता शहरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत बऱ्याच मिठाईच्या दुकानांत शुगर फ्री असा एक वेगळा ट्रे दिसतो. तिथं संवाद असा चालतो.

"दादा, ह्याच्यात गोडीला काय घातलंय?"

"शुगर फ्री हाय ओ, बिनधास्त न्या."

"ते झालं, पण गोड कशानं लागतंय?"

"खजूर आणि अंजीर. नॅचरल."

इथंच थांबायचं. खजुरात १०० ग्रॅमला ६५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, सुक्या अंजिरात निम्म्याच्या जवळपास. खजूर-अंजिराचा ४० ग्रॅमचा एक जाडजूड रोल खाल्ला तर त्यात १५-२० ग्रॅम साखर सहज, आणि साध्या २५ ग्रॅमच्या पेढ्यात वरची आणि दुधाची मिळून १०-१२. म्हणजे शुगर फ्री म्हणून घेतलेला रोल पेढ्यापेक्षा भारी पडला. रोलमध्ये फायबर असतं, बदाम-काजू असतात, त्यामुळं साखर जरा सावकाश चढते हे खरं, पण "नॅचरल आहे" म्हणून तीन रोल खाल्ले तर त्याचा काही उपयोग नाही. एक रोल चार तुकडे करून ठेवा, एका वेळी एक तुकडा, मग ठीक आहे.

दुकानदाराला विचारायचं ते एवढंच, गोडी कशाची, आणि कधी बनवलं. दुसरा प्रश्न का, तर साखर नुसती गोडीसाठी नसते, ती माल टिकवते पण. साखर कमी केलेला पेढा किंवा बर्फी साध्यापेक्षा लवकर खराब होते. २०२० च्या १ ऑक्टोबरपासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खाणं चांगलं ती तारीख लावणं दुकानदारांना सक्तीचं आहे, ती पाटी शोधा, नसेल तर मागा. शुगर फ्रीचा ट्रे कमी खपतो त्यामुळं तो माल किती दिवस तसाच बसलाय हे बघणं जास्तच गरजेचं.

पॅकिंगवाला माल असेल तर पुढचं मोठं अक्षर सोडून पाठ वाचा. भारतातल्या नियमानं शुगर फ्री म्हणायचं असेल तर १०० ग्रॅमला साखर ०.५ ग्रॅमच्या वर नको, लो शुगर म्हणायचं तर घन पदार्थात १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या आत. नो अ‍ॅडेड शुगर म्हणजे बाहेरून घातलेली नाही, दुधातली फळातली आहेच. पण ह्या तिन्हीत मैदा, स्टार्च ह्यांचा पत्ता लागत नाही, म्हणून टोटल कार्बोहायड्रेटची ओळ बघायची आणि ती १०० ग्रॅमची आहे की एका तुकड्याची ते पण बघायचं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, पहिल्या दोन-तीन नावांत मैदा किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं की पुडा परत ठेवून द्या, माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली पावडर, जिभेला फारशी गोड लागत नाही पण शुगर झपाट्यानं चढवते. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल अशी साखरेच्या जागी वापरायच्या गोडीची नावं असतील तर शुगर साखरेपेक्षा कमी वाढते पण वाढते, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, पुड्यावर तशी सूचना पण छापलेली असते. शुगर फ्री चॉकलेटचा अख्खा बार खाऊन रात्रभर फेऱ्या मारलेला एकतरी माणूस प्रत्येक घरात असतो. डायबेटिक बिस्किटांवर मी शब्द वाया घालवत नाही, बहुतेक मैदा आणि तेल, त्यापेक्षा मूठभर भाजलेले शेंगदाणे खा.

साखरेऐवजी गोडीला घालायच्या गोळ्या, थेंब, पावडर, म्हणजे स्वीटनर, चालतात का? डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नसेल तर प्रमाणात चालतात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वजन कमी करण्यासाठी असले स्वीटनर वापरू नका असं सांगितलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर लय गोंधळ झाला, पण ती शिफारस ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हती, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहिलं नाही. स्वयंपाकात लक्षात ठेवायचं एवढंच, अ‍ॅस्पार्टेम जास्त वेळ उकळलं की गोडी जाते म्हणून ते गॅस बंद केल्यावर घाला, सुक्रालोज आणि स्टीव्हिया उष्णतेला टिकतात. स्टीव्हिया जास्त झाला की मागाहून कडसर चव येते, हात आखडता ठेवा.

घरात करायचं तर

घरात करायचं असेल तर पाकाचे पदार्थ सोडून द्या. बुंदीचा लाडू, जिलेबी, गुलाबजाम, चिक्की, ह्यात साखर नुसती गोड करत नाही, बांधते, चकाकी देते, तिथं थेंब घालून काही होत नाही आणि झालं तरी खाणारा तोंड वाकडं करतो. चक्का, दुधी, डाळ, नारळ असलं काहीतरी घ्या, त्याला स्वतःचं अंग असतं.

सगळ्यात फायद्याचं श्रीखंड. नेहमीच्या पद्धतीत अर्धा किलो चक्क्याला अर्धा किलो साखर, म्हणजे ५० ग्रॅमच्या दोन मोठ्या चमच्यात २५ ग्रॅम साखर बसली. आता असं करा. म्हशीचं दही रात्री मलमलच्या फडक्यात बांधून नळाला नाहीतर खुंटीला टांगा, उन्हाळा असेल तर चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये, नाहीतर आंबूस होतंय. सकाळी फडकं दाबून बघा, बोटाला पाणी लागलं नाही पाहिजे. निवळीबरोबर दुधातली बरीच साखर पण निघून जाते, हा फुकटचा फायदा. अर्धा किलो चक्का पुरणयंत्रातून काढा, त्यात ५० ग्रॅम पिठीसाखर, कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची आणि जायफळ जरा सढळ हातानं. जायफळाला कमी पडू नका, गोडी कमी असली की वासानं भरून निघते. एवढ्यावर गोड कमी वाटलं तर सुक्रालोजचे दोन-तीन थेंब. आता तेच दोन मोठे चमचे घेतले तर वरची साखर साडेचार ग्रॅमच्या आसपास. २५ कुठं आणि साडेचार कुठं. वरून चारोळी घाला, आंबा घालू नका, मग ते आम्रखंड होतं आणि हिशोब परत पहिल्यापासून.

दुसरं दुधी हलवा. गाजराला स्वतःची गोडी असते, दुधीला जवळजवळ नाहीच, म्हणून गाजरापेक्षा दुधी बरा. कपिलतीर्थ मंडईतनं कोवळा, नखानं टोचला तर नख सहज रुतेल असा दुधी आणा. कापल्यावर आधी एक फोड चाखून बघा, कडू लागला तर अख्खा टाकून द्या, कडू दुधी विषारी असतो, "शिजला की कडूपणा जाईल" असं म्हणून घालायचा नाही. अर्धा किलो किसून चमचाभर तुपावर परता, पाणी आटलं की पाव लिटर दूध घालून आटवा, शेवटी पाच चमचे साखर, वेलची, बदामाचे काप. खवा नको. पाच छोट्या वाट्या होतात, वाटीला सगळं मिळून १० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट पडतं. माझ्या मते शुगरवाल्या घरात पाहुणे आले तर हाच करावा, कुणाला वेगळं ताट वाढायला लागत नाही.

खपली गव्हाची खीर म्हणजे आपला जीव की प्राण, तिचं काय करायचं? खपलीत साध्या गव्हापेक्षा फायबर चांगलं असतं म्हणून लोक ती शुगरला औषध असल्यासारखी सांगतात. औषध नाही, धान्य आहे. नुसत्या शिजवलेल्या खपलीच्या वाटीतच २५-३० ग्रॅम कार्बोहायड्रेट येतं. त्यामुळं खीर खायची त्या दिवशी भात नाही आणि चपाती एकच, खीर ही जेवणातली पोळी धरायची. रात्रभर भिजवून कुकरला मऊ शिजवा पण मिक्सरला लावून गुळगुळीत करू नका, दाणा चावायला लागला पाहिजे, सावकाश पचतो. नारळाचं दूध, सुंठ, वेलची, खसखस, आणि वाटीला एक चमचा गूळ. खीर आचेवरून उतरवून जरा निवल्यावर गूळ घालायचा, दूध फाटत नाही.

पुरणपोळीवर घरोघरी वाद होतो. डाळीला बरोबरीचा गूळ, वरून मैद्याचा उंडा, वर दूध नाहीतर तुपाची धार, आणि शुगरवाले आप्पा म्हणणार एकच खाल्ली की. एक म्हणजे केवढी ते बघा ना. उपाय दोन आहेत. एक, डाळ दोन वाट्या तर गूळ एकच वाटी, पुरण जरा कोरडं होतंय म्हणून वाटताना दुधाचा हात लावा, कणीक गव्हाचीच भिजवा, पोळी तळहाताएवढी लाटा. दुसरा उपाय मला जास्त पटतो, पोळी नाहीच, नैवेद्याच्या वाटीतलं दोन चमचे पुरण तुपाबरोबर आणि वाटी भरभरून कटाची आमटी. हरभऱ्याची डाळ शुगर हळू चढवते, आमटीनं पोट भरतं, सण झाल्यासारखं वाटतं.

नाचणीबद्दल एक सांगायचं राहिलं. नाचणीचं पीठ चांगलं, पण सत्त्व वेगळं. सत्त्व काढताना भिजवून वाटून गाळतात, चोथा फेकतात, म्हणजे फायबर गेलं आणि स्टार्च राहिला. लहान बाळाला ठीक, शुगरवाल्याला पौष्टिक म्हणून सत्त्वाची खीर दिली तर शुगर तपासायचा मीटर उड्या मारतो. पीठाचीच आंबील करा, ताक घालून, गोड करायच्या फंदातच पडू नका.

फळात पेरू, जांभूळ, हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पपईच्या दोन फोडी. आंबा सीझनला अर्धा, कापून, जेवणानंतर लगेच नाही तर चारच्या खाण्याला. आमरस-पुरी नको, त्यात दोन्हीकडनं मार बसतो. उसाचा रस अजिबात नाही, एका ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर आणि चावायला काहीच नाही, पाच मिनिटांत रक्तात.

सणावाराचं आणि मीटरचं

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला कोल्हापुरात झेंडावंदन झालं की जिलेबीच्या स्टॉलला रांगा लागतात, तेव्हा घरात किलोभर जिलेबी येणार आणि समोर बसून न खाणं कुणाला जमत नाही. अशा दिवशी सकाळी उपाशीपोटी जिलेबी-चहा करू नका. आधी मटकीची उसळ, अंडं, काकडी-टोमॅटो, असलं पोटात जाऊ दे, मग शेवटी एक कडं. डाळ-भाजी आधी आणि गोड शेवटी असं खाल्लं की तीच साखर सावकाश चढते. आणि लगेच सोफ्यावर लवंडायचं नाही, रंकाळ्यावर नाहीतर गल्लीतल्या गल्लीत पंधरा मिनिटं चाला, स्नायू चालताना रक्तातली साखर वापरतात, फरक मीटरवर दिसतो.

मीटर असेल तर त्याचा उपयोग करा. आपल्याला कुठलं गोड किती बाधतं हे दुसऱ्याच्या अनुभवावरनं कळत नाही. खायच्या आधी एकदा, पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, दोन्ही आकडे त्या पदार्थाच्या नावासकट वहीत लिहा. बऱ्याच जणांना जेवणानंतर १८० च्या आत ठेवायला सांगतात, तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडनं घ्या कारण वय, किडनी, औषधं ह्यावर तो बदलतो. एका पदार्थाला सारखा आकडा वर जात असेल तर वाटी निम्मी करा नाहीतर तो सोडा. आणि सणाला गोड खाणार म्हणून गोळी आपल्या मनानं दुप्पट घ्यायची, किंवा गोड खायला जमावं म्हणून दुपारचं जेवणच बुडवायचं, हे दोन्ही उद्योग करू नका, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण बुडवल्यानं शुगर एकदम खाली येते.

खाली आली, हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, मीटरवर ७० च्या खाली, तर अशा वेळी वर सांगितलेलं कमी गोड, शुगर फ्री, थेंबाचं श्रीखंड काही कामाचं नाही. तिथं खरी साखरच पाहिजे, १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून किंवा ग्लुकोजची पावडर, पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळं उशीर लागतो. म्हणून घरातनं साखर पूर्ण हद्दपार करू नका आणि जोतिबाला किंवा वाडीला जाताना ग्लुकोजची पुडी पिशवीत ठेवा. पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून ७० च्या खालीच असेल तर परत तेवढीच द्या, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना गाठा.